यादीत नाव लागणे

आमच्या विषयाचे नाव कार्यक्रमपत्रिकेत वाचून पुष्कळांच्या कपाळी आठी पडली असेल. इंटरनेटवरील संकेतस्थळांच्या डिरेक्टऱ्या, आणि शोधयंत्रात आपले नाव वर आणण्याच्या व्यापाऱ्यांच्या खटपटीत त्यांनी बजावलेली कामगिरी, हा काही शिवकालासारखा किंवा ज्ञानेश्वरीसारखा रसाळ विषय नव्हे. शिवाय ज्या वस्तूंचा इतिहास सांगावयाचा त्यांतल्या प्रमुख वस्तू जन्मून मरूनही गेल्या, आणि त्यांचे सगळे आयुष्य मिळून पंचवीस वर्षांचेही भरत नाही. इतक्या अल्पायुषी वस्तूचा इतिहास तो काय सांगावा, असा प्रश्न कोणी केल्यास तो गैर म्हणता येणार नाही. परंतु डिरेक्टरी म्हणजे अखेर यादी. आणि यादी ही मोठी जुनी गोष्ट आहे. यादी कोण करतो, तीत नाव कोणाचे लागते, कोणत्या मथळ्याखाली लागते आणि ते वर लागावे म्हणून माणसे काय काय करतात, हे पाहू लागलो म्हणजे विषय एकाएकी आपल्या दारात येऊन उभा राहतो.

मानखुर्दच्या दारात तर तो फारच लवकर येतो. यादीत नाव लागणे म्हणजे काय, हे येथील मंडळींस कोणी शिकवावयास नको. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पासाठी रेल्वेच्या रुळांकाठची वस्ती हलविण्यात आली तेव्हा ज्यांची नावे पाहणीच्या यादीत होती त्यांना लल्लुभाई कंपाउंडमध्ये २२५ चौरस फुटांची खोली मिळाली. ज्यांची नव्हती त्यांना ती मिळाली नाही. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत १ जानेवारी १९९५ ही तारीख ठरली, तेव्हा त्या तारखेच्या मतदारयादीत आपले नाव आहे की नाही हे पाहण्यासाठी माणसांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले. पुढे ती तारीख १ जानेवारी २००० झाली. म्हणजे पुन्हा नवी यादी आणि पुन्हा नव्या चकरा. घर ज्या गोष्टीवर अवलंबून असते ती गोष्ट क्षुल्लक नव्हे. दुकानाचे गिऱ्हाईक ज्या यादीवर अवलंबून असते तिलाही तोच न्याय लावावयास हवा.

ज्या गावात सर्व जण एकमेकांस ओळखतात तेथे यादीची गरज पडत नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गाव-गाडा’ ग्रंथात बलुतेदारीची जी व्यवस्था वर्णिली आहे तीत लोहार कोठे राहतो हे कोणी कोणास विचारीत नाही. मानखुर्दही बराच काळ खाडीकाठचे, मिठागरांच्या शेजारचे असेच एक गाव होते. परके माणूस येऊ लागले, म्हणजे विचारणे आले. विचारणाऱ्यांची संख्या वाढली, म्हणजे छापील उत्तर आले. मुंबईविषयी गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली आणि शिंगणे व आचार्य यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ १८८९ साली निघाला, ते याच अवस्थेचे द्योतक. शहर इतके मोठे झाले होते, की त्यात राहणारासही ते पुस्तकातून समजून घ्यावे लागत होते.

या दोन ग्रंथांच्या दरम्यान, १८८२ साली, मुंबईत टेलिफोन आला, आणि त्याबरोबर टेलिफोनवाल्यांची यादी आली. ही यादी वर्णानुक्रमे लागते. वर्णानुक्रमात जो पहिला त्याला गिऱ्हाइकाचा पहिला फोन, ही गोष्ट व्यापाऱ्यांच्या ध्यानात यावयास कोणत्याच देशात वेळ लागला नाही. अमेरिकेत कुलूपवाले आणि नळवाले आपल्या दुकानांना ‘एएए’ अशी नावे देऊ लागले. आपल्याकडे ‘ए-वन’ नावाची दुकाने किती आहेत ते मोजण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. त्यांतल्या प्रत्येकाने डिरेक्टरीकडे पाहूनच नाव ठेवले असे नव्हे. परंतु ज्यांनी तसे ठेवले ते आजच्या एस.ई.ओ. वाल्यांचे पूर्वज होत. सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन या जड नावाचा अर्थ एवढाच, की शोधणारा जी यादी पाहतो तिची रचना ओळखावयाची आणि त्या रचनेप्रमाणे स्वतःस वळवून घ्यावयाचे. त्या काळी रचना वर्णमालेची होती, म्हणून नाव बदलले. पुढे रचना बदलली, तेव्हा दुसरे काही बदलावे लागले.

यादी करण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचा सोक्षमोक्ष मात्र आपल्याच शहरातल्या एका खटल्याने लावला. महानगर टेलिफोन निगम १९८६ साली अस्तित्वात आले. टेलिफोन डिरेक्टरीत आरंभी नुसती पांढरी पाने असत; १९८७ नंतर ती छापण्याचे काम कंत्राटदारांकडे सोपविण्यात आले, आणि कंत्राटदाराने आपला खर्च जाहिरातींनी भरलेल्या पिवळ्या पानांतून भरून काढावा अशी योजना झाली. इकडे टाटा प्रेसनेही धंदेवार वर्गीकरण केलेली आपली स्वतंत्र ‘यलो पेजेस’ छापावयास घेतली. निगमाने मुंबईच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. टेलिफोनधारकांची यादी छापण्याचा अधिकार टेलिग्राफच्या नियमांप्रमाणे एकट्या आमचा, इतरांनी ती छापू नये, असे निगमाचे म्हणणे. उच्च न्यायालयात टाटा प्रेसच्या विरुद्ध गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले, आणि ३ ऑगस्ट १९९५ रोजी न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांनी निकाल दिला.

हा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांखेरीज इतरांनीही वाचण्यासारखा आहे. न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. पिवळी पाने ही टेलिफोनधारकांची यादी नव्हे, ती व्यापाऱ्यांच्या जाहिरातींचे संकलन होय. म्हणून निगमाच्या अधिकारास बाध येत नाही. दुसरी गोष्ट याहून मोठी. व्यापारी जाहिरात हीदेखील माहितीच आहे, संविधानाने दिलेल्या भाषण व अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यात तिचा समावेश होतो, आणि ती बोलणाऱ्याचा जसा हक्क तसाच ती ऐकण्याचा जनतेचाही हक्क आहे. साबण कोठे स्वस्त मिळतो हे कळणे हाही नागरिकाचा अधिकार, असे देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने एका डिरेक्टरीच्या निमित्ताने सांगावे, याची आम्हांस मोठी मौज वाटते. त्या निकालापासून यादी करण्याची मक्तेदारी सरकारची राहिली नाही. ज्याला करावीशी वाटेल त्याने करावी.

आणि कालाचा योग असा, की त्यानंतर बाराच दिवसांनी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाने मुंबईसह चार महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. कागदावरच्या यादीला स्वातंत्र्य मिळाले त्याच पंधरवड्यात कागद मागे पडावयास आरंभ झाला.

आता थोडे समुद्रापलीकडे जावे लागेल. कारण मुंबईकरांना त्या पंधरवड्यात जे खुले झाले त्याची यादी तोवर कॅलिफोर्नियात कोणी तरी करावयास घेतली होती. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यँग व डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी १९९४ च्या आरंभी आपल्या आवडीच्या संकेतस्थळांची एक यादी मांडली. प्रथम तिचे नाव नुसते ‘जेरी आणि डेव्हिड यांची वाटाडी’ अशा अर्थाचे होते; काही महिन्यांतच ते ‘याहू’ झाले. हे नाव आपल्याकडे १९६१ च्या ‘जंगली’ चित्रपटापासून ज्याच्या त्याच्या तोंडी होते, आणि ते ज्यांच्यामुळे तोंडी बसले ते शम्मी कपूर मुंबईतील इंटरनेटच्या आरंभीच्या उत्साही मंडळींपैकी एक होते, इतकेच नव्हे तर इंटरनेट वापरणारांच्या संघटनेचे संस्थापक अध्यक्ष होते. असो.

याहू हे शोधयंत्र नव्हते, हे विशेष ध्यानात ठेवावयाचे. यंत्राने पाने वाचावीत आणि शब्द जुळवून उत्तर द्यावे, असा तेथे प्रकार नव्हता. तेथे माणसे बसत. एखाद्या संकेतस्थळाचा चालक आपले नाव पाठवी. कोणी तरी ते स्थळ उघडून पाही, एका ओळीत त्याचे वर्णन लिही आणि योग्य त्या वर्गात घाली. वर्ग, उपवर्ग, त्याचे पोटवर्ग, अशी ती वृक्षासारखी मांडणी होती. ती मांडणी लावण्याचे काम १९९५ पासून श्रीनिजा श्रीनिवासन या भारतीय वंशाच्या तरुणीकडे होते. ग्रंथालयशास्त्र जाणणारास येथे रंगनाथनांची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. एकच ग्रंथ विषयाने एका ठिकाणी, स्थळाने दुसऱ्या ठिकाणी आणि काळाने तिसऱ्या ठिकाणी बसतो, ही अडचण ओळखून मद्रास विद्यापीठाच्या या ग्रंथपालाने १९३३ साली आपली द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली होती. याहूपुढेही तीच अडचण आली. मुंबईतील एखादे मराठी नाट्यगृह ‘नाटक’ या वर्गात घालावे की ‘भारत, महाराष्ट्र, मुंबई’ या वर्गात? त्यांनी एका वर्गातून दुसऱ्या वर्गाकडे बोट दाखविणारी खूण योजिली आणि वेळ निभावून नेली. मंडाळ्याच्या भंगारवाल्यास कोठे घालावे, हा प्रश्न मात्र त्यांच्यापुढे आला नाही, कारण त्याचे संकेतस्थळच नव्हते.

वर्गाच्या आत नावे पुन्हा वर्णानुक्रमेच लागत! म्हणजे ‘ए-वन’ची विद्या येथेही उपयोगी पडली. नावाच्या आधी अंक किंवा चिन्ह लावून पहिला नंबर पटकावणारे निघाले. नवे शास्त्र जन्मास आले ते असे जुन्याच बाळंतघरात.

आपल्याकडे मुंबईतच राजेश जैन यांनी मार्च १९९५ मध्ये ‘इंडियावर्ल्ड’ सुरू केले आणि त्याच्या अंगणात पुढे ‘खोज’ नावाची, भारतीय संकेतस्थळांची वर्गवार सूची वाढली. नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने हा सारा पसारा ४९९ कोटी रुपयांस घेतला, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्या आकड्याचा फार गाजावाजा केला. आमच्या मते त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की भारतीय भाषांतील पानांचा पत्ता अशा हाताने केलेल्या सूच्यांखेरीज लागण्याचा त्या काळी दुसरा मार्गच जवळजवळ नव्हता. याचे कारण लिपीत आहे. युनिकोडचा वापर रूढ होण्यापूर्वी प्रत्येक मराठी वृत्तपत्राचा टंक निराळा असे. वाचणाराने तो टंक आपल्या संगणकावर उतरवून घ्यावा, म्हणजे पडद्यावर शुद्ध देवनागरी दिसे. परंतु पडद्यामागे साठविलेली अक्षरे रोमनच, आणि तीही निरर्थक क्रमाची. माणसाला ‘मानखुर्द’ दिसे, यंत्राला अर्थहीन खिचडी. शोधयंत्राला मराठी वाचताच येत नव्हते, असे म्हटले तरी चालेल. अशा वेळी ‘हे पान मराठी आहे, यात अमुक आहे’ असे एका माणसाने लिहून ठेवलेली ओळ हाच दुवा. नुसत्या जाहिरातीच्या दृष्टीने डिरेक्टऱ्यांकडे पाहणारे ही गोष्ट विसरतात.

या कामात सर्वांत मोठा उद्योग झाला तो १९९८ सालचा. जून महिन्यात रिच स्क्रेंटा व बॉब ट्रुएल यांनी एक सूची सुरू केली. याहूचे पगारी संपादक पुरे पडत नाहीत, तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी आपापल्या आवडीचा वर्ग सांभाळावा, अशी त्यांची कल्पना. त्याच वर्षी नेटस्केप कंपनीने ती घेतली, आणि ‘डीमॉझ’ या नावाने ती जगास माहीत झाली. माणसे हे काम अधिक चांगले करतात, अशा अर्थाचे तिचे ब्रीद होते. मिटली तेव्हा तीत सुमारे ३८ लाख संकेतस्थळे, दहा लाखांवर वर्ग आणि ९० भाषा होत्या. तीवर वेळोवेळी राबलेल्या संपादकांची संख्या ९० हजारांच्या वर गेली होती. त्या भाषांत मराठीलाही एक कोपरा होता. पगार नाही, मान नाही, अशा कामाला कोणी तरी मराठी माणूस रात्री बसून आपल्या भाषेतली पाने तपासून लावीत होता, याबद्दल आम्हांस कृतज्ञता वाटते.

आता कथेला वळण मिळते. १९९८ मध्येच लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी गूगल स्थापिले. त्यांची युक्ती सांगावयास सोपी आहे. एका पानाने दुसऱ्या पानाकडे दुवा दिला, म्हणजे त्याने त्यास एक मत दिले. परंतु हे मतदान ग्रामपंचायतीसारखे एकास एक नव्हे. ज्या पानास स्वतःला पुष्कळ मते पडली आहेत त्याच्या मताचे वजन अधिक. विद्वानांच्या निबंधांत कोणाचा हवाला किती जण देतात त्यावरून त्याची थोरवी मोजतात, त्याच जातीचा हा विचार. या मोजणीत डिरेक्टरीचे स्थान एकदम उंचावले. याहू आणि डीमॉझ यांच्याकडे असंख्य दुवे जात, म्हणून त्यांनी दिलेले मत फार वजनदार. शिवाय डीमॉझची सामग्री कोणासही फुकट घेता येई. शेकडो ठिकाणी तिच्या नकला झाल्या, आणि मुळात एकदा नाव लागले की त्या सर्व नकलांतून मते आपोआप मिळत. खुद्द गूगलने २००० साली तीच सामग्री घेऊन आपली डिरेक्टरी उघडली, आणि तीत नावे वर्णानुक्रमे न लावता मतांच्या वजनानुसार लावली. ‘ए-वन’चा जमाना तेथे संपला.

येथून पुढे डिरेक्टरी ही वाचण्याची वस्तू न राहता लागण्याची वस्तू झाली. पूर्वी व्यापारी तीत नाव घाली तो तेथे गिऱ्हाईक येते म्हणून. आता तेथे कोणी येत नसले तरी चालेल, यंत्राने पाहिले म्हणजे झाले, अशी बुद्धी झाली. आमच्या दृष्टीने या सबंध इतिहासातील मर्माची जागा ही आहे. याहूने व्यापारी संकेतस्थळांची तपासणी करण्याबद्दल फी ठेवली, ती पुढे वर्षाला २९९ डॉलर झाली. आणि ती केवळ तपासणीची फी, प्रवेशाची हमी नव्हे! डीमॉझ फुकट, परंतु तेथे अर्ज महिनोन् महिने, कधी वर्षेही पडून राहत. आणि काही संपादक आपल्या प्रतिस्पर्ध्यांना बाहेर ठेवतात किंवा पैसे मागतात, अशा तक्रारी वारंवार होत. नव्वद हजार माणसांच्या कारभारात असे काही घडलेच नसेल असे मानणे भाबडेपणाचे होईल. सगळेच तसे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल.

या दोहोंच्या सावलीत हजारो बाजारू डिरेक्टऱ्या उगवल्या. त्यांना वाचक नव्हताच. घरबांधणीच्या शेजारी जुगार, जुगाराच्या शेजारी दातांचे डॉक्टर, असा त्यांचा वर्गक्रम. त्यांत नावे भरून देण्याचा एक नवा धंदा निघाला, आणि परदेशच्या गिऱ्हाइकांसाठी तो करून देणाऱ्या लहानलहान कचेऱ्या आपल्या देशात ठिकठिकाणी उघडल्या. ‘डिरेक्टरी सबमिशन’ हे शब्द नोकरीच्या जाहिरातींत दिसू लागले. नुकताच पदवीधर झालेला मुलगा दिवसभर बसून ओहायोतल्या एखाद्या छप्परवाल्याचे नाव, पत्ता आणि वर्णन शेकडो तक्त्यांत भरी; वर्णन प्रत्येक ठिकाणी किंचित फिरवून लिही, म्हणजे यंत्रास नक्कल ओळखू येऊ नये. सुशिक्षित माणसाच्या इंग्रजीचा असा उपयोग व्हावा याचे वाईट वाटते; परंतु त्या पगारावर घरे चालली हेही खरे, आणि संगणक, इंटरनेट व परदेशी गिऱ्हाईक यांची पहिली ओळख पुष्कळांना त्याच खुर्चीत झाली.

हे सारे गूगलला दिसत नव्हते असे नाही. चालकांसाठी दिलेल्या सूचनांत, याहू व डीमॉझ यांसारख्या सूच्यांत नाव नोंदवा, अशी जी एक ओळ होती ती २००८ साली काढून टाकण्यात आली. गूगलची स्वतःची डिरेक्टरी २०११ मध्ये बंद झाली. आणि २४ एप्रिल २०१२ रोजी ‘पेंग्विन’ या गोंडस नावाचा बदल लागू झाला, त्याने खोट्या मतांवर चढलेली संकेतस्थळे खाली आणली. बाजारू डिरेक्टऱ्यांतला दुवा हा कालपर्यंत अलंकार होता, तो आता कलंक झाला. मग उलट गंगा वाहू लागली. ज्यांनी नाव लावण्यासाठी पैसे मोजले होते तेच ‘आमचे नाव कृपया काढा’ अशी पत्रे लिहू लागले. आणि काही डिरेक्टरीवाले नाव काढण्याबद्दलही पैसे मागू लागले! जत्रेत आत जाताना तिकीट आणि बाहेर पडतानाही तिकीट, असा हा प्रकार. त्याच वर्षी ऑक्टोबरात गूगलने नको असलेले दुवे नाकारण्याची सोय केली, तेव्हा ही विनवणी थोडी कमी झाली.

या भरात चांगल्या सूच्याही गेल्या. याहूची डिरेक्टरी २०१४ च्या डिसेंबरात मिटली. डीमॉझ १७ मार्च २०१७ रोजी बंद पडली. तिच्या जुन्या संपादकांपैकी काहींनी ‘कर्ली’ नावाने तिचा संसार पुढे चालविला, परंतु शोधणाऱ्या जगाचे तिकडे फारसे लक्ष नाही. यंत्रास तोपर्यंत मराठी वाचता येऊ लागले होते, हे या नुकसानीतले समाधान. युनिकोडने ते केले, डिरेक्टरीने नव्हे.

डिरेक्टरी मेली, असे मात्र सरसकट म्हणता येणार नाही. तिची एक शाखा मुंबईतच वाढली, आणि ती संकेतस्थळांची नसून दुकानांची आहे. पिवळ्या पानांच्या धंद्यात काम केलेले व्ही. एस. एस. मणी यांनी १९९६ साली ‘जस्ट डायल’ सुरू केले. त्यात पुस्तक नव्हते, पडदा नव्हता. ८८८ ८८८८ हा फोन फिरवावा, ‘अमुक ठिकाणी नळवाला पाहिजे’ असे सांगावे, आणि पलीकडच्या माणसाने यादी पाहून नाव व फोन सांगावा. २००७ मध्ये ही यादी इंटरनेटवर आली, २०१३ मध्ये कंपनीचे भाग बाजारात आले, आणि २०२१ मध्ये रिलायन्सने ती ताब्यात घेतली. या यादीचे वैशिष्ट्य असे, की तीत येण्यास दुकानदाराचे स्वतःचे संकेतस्थळ लागत नाही. भंगारवाल्याची याहूच्या दारात जी अडचण झाली ती येथे उरली नाही. प्रत्येक धंदा आणि प्रत्येक भाग यांच्या जोडीचे एक पान तेथे तयार असते. म्हणून शोधयंत्रात ‘मानखुर्द’ आणि धंद्याचे नाव घातले की पुष्कळदा दुकानाच्या आधी डिरेक्टरीचेच पान वर येते. पैसे भरणारास यादीत वरची जागा मिळते. सगळे जुनेच आहे.

गूगलने स्वतःचीही दुकानांची यादी नकाशावर मांडली. आज तिला ‘बिझनेस प्रोफाइल’ म्हणतात. हिच्यात वर येण्याचे जे नियम जाणकार सांगतात त्यांत एक फार साधा आहे. दुकानाचे नाव, पत्ता आणि फोन निरनिराळ्या सूच्यांत एकसारखे असावेत. चार याद्यांत चार पत्ते आढळले म्हणजे यंत्राचा विश्वास उडतो. पूर्वी डिरेक्टरी मत देत होती, आता ती साक्ष देते, असा हा फरक आहे.

आणि नेमका येथेच मानखुर्दचा दुकानदार अडतो. ज्या विभागाला आपण एम-पूर्व म्हणतो तो २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहराच्या सर्व विभागांत तळाशी होता. त्या यादीतले नाव कोणास अभिमानाने सांगावेसे वाटत नाही. मग पाटीवर ‘चेंबूर’ लिहिले जाते, कारण चेंबूर म्हटले की गिऱ्हाईक दचकत नाही. बँकेच्या कागदावर ‘गोवंडी’ असते, भाडेकरारात ‘देवनार’, वीजबिलात ‘मानखुर्द’. पिनकोड कोठे ४०००४३, कोठे ४०००८८. वस्तीतल्या पत्त्यात खोली क्रमांकापुढे रस्त्याचे नाव नसते, मशिदीजवळ, शौचालयामागे, पाण्याच्या टाकीसमोर, अशी खूण असते. ही खूण पोस्टमनला पुरते, शेजाऱ्याला पुरते, परंतु डिरेक्टरीच्या तक्त्यात तिला चौकट नाही. असा दुकानदार चेंबूरच्या यादीत शिरतो तो खऱ्या चेंबूरकरांच्या खाली कोठे तरी. आणि मानखुर्दच्या यादीत, जेथे तो पहिल्या पाचांत सहज लागला असता, तेथे त्याचे नाव नसते. मंडाळ्याच्या गोदामांत उभ्या मुंबईचा लोखंड-पत्रा, प्लास्टिक आणि पुठ्ठा येऊन पडतो, तो निवडला जातो आणि नव्याने विकला जातो. एवढ्या मोठ्या बाजारपेठेतल्या किती पेढ्या आपला पत्ता मंडाळे असा लावतात, ते आपल्यापैकी कोणीही पाच मिनिटे शोधून पाहावे.

उपनगरांची नावे पक्की होतात ती पुष्कळदा स्टेशनांनी. हार्बरची गाडी मानखुर्दला येऊन थांबत असे आणि तेथूनच मागे फिरत असे, तोपर्यंत हे नाव शेवटच्या स्टेशनाचे म्हणून साऱ्या मुंबईला पाठ होते. मे १९९२ मध्ये गाडी खाडी ओलांडून वाशीला गेली, आणि ते मधल्या स्टेशनांपैकी एक झाले. आता मेट्रोच्या २-ब मार्गाचे शेवटचे स्थानक मंडाळे असे ठरले आहे. गाडीवर ते नाव झळकू लागल्यावर गोदामवाले आपल्या पाट्या आणि डिरेक्टऱ्यांतले पत्ते बदलतात, की तेव्हाही ‘चेंबूर’च लिहितात, हे पाहण्यास आम्ही उत्सुक आहोत.